नाव लिहून घेतात का?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका मेसेजने करतो. ज्याने पाठवला त्याला विचारून सांगतोय, आणि त्याची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. बसमध्ये किंवा घरी सगळ्यांसोबत स्पीकरवर ऐकत असाल तर हेडफोन लावा. नाही लावलेत तरी माझी काही हरकत नाही.

मेसेज असा होता : 'दादा, एक विचारायचं होतं, हसू नका. तिथे एक छोटा फोड आला होता. दुखत नव्हता म्हणून कुणाला दाखवला नाही. तीन आठवड्यांनी आपोआप गेला. म्हणजे आता बरा झालो ना?'

मी डॉक्टर नाही. तरी मी लगेच लिहिलं, 'माहीत नाही. पण फोड गेला म्हणून गप्प बसू नकोस. उद्याच जाऊन रक्त तपासून घे.' मग बराच वेळ त्याच्याकडून नुसतं टायपिंग, टायपिंग दिसत होतं. आणि शेवटी पाच शब्द आले : 'तिथे नाव लिहून घेतात का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देतील. मला अडकवलं ते या दुसऱ्या प्रश्नाने. कारण हा पोरगा आजाराला तितका घाबरलेला नव्हता, जितका त्या रजिस्टरला घाबरला होता. आणि ही भीती त्याची एकट्याची नाही. तिला फार जुना, अगदी कायद्याच्या कलमांपर्यंत जाणारा इतिहास आहे. आज तोच सांगणार आहे.

आधी फोडाबद्दल थोडं. असा न दुखणारा फोड अनेक कारणांनी येऊ शकतो, पण त्यातलं एक महत्त्वाचं कारण म्हणजे सिफिलिस. पुस्तकी मराठीत उपदंश, जुन्या माणसांच्या बोलण्यात गरमी. हा रोग मोठा नाटकी आहे. पहिल्या अंकात जंतू जिथून शिरला तिथे एक व्रण येतो, बहुतेक वेळा न दुखणारा. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाशिवाय नाहीसा होतो. मग मध्यंतर. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर पुरळ येतं, कधी तर चक्क तळहातांवर आणि तळपायांवर. थोडा ताप, अंगदुखी. तेही जातं. मग पडदा पडल्यासारखी वर्षानुवर्षं शांतता. आणि काही जणांच्या बाबतीत दहा-वीस वर्षांनी तोच रोग हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत नाहीतर मेंदूत उगवतो. म्हणजे फोड गेला याचा अर्थ रोग गेला असा नाही. तो बाहेरून आत गेला, एवढंच.

आता ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पाचशे वर्षं जगभरातले वैद्य, हकीम आणि डॉक्टर याच गोष्टीने फसत आलेत. रोग आपोआप दिसेनासा होतो, त्यामुळे त्या वेळी जे काही औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं. लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असं रंगवलेलं असतं ना? तो धंदा याच मध्यंतरावर चालतो.

गोष्ट सुरू होते इटलीत. १४९४-९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्स जिंकायला उतरला. त्याच्या फौजेत निरनिराळ्या देशांचे भाडोत्री सैनिक होते. १४९५ मध्ये या फौजेत एक भयंकर नवा रोग पसरला. अंगभर फोड, सडणारं मांस, माणसं ओळखू येईनात. फौज मोडली, सैनिक आपापल्या गावी परतले आणि रोगही त्यांच्याबरोबर युरोपभर गेला. तो आला कुठून यावर अजून वाद आहे. कोलंबसच्या खलाशांबरोबर अमेरिकेतून आला, या बाजूला आज बऱ्याच संशोधकांचा कल आहे, पण वाद पूर्ण मिटलेला नाही.

रोगाचं नाव काय ठेवायचं? इथे खरी गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणायचं तर. इटालियन म्हणाले, फ्रेंचांचा रोग. फ्रेंच म्हणाले, छे, नेपल्सचा रोग. रशियन लोकांनी तो पोलंडच्या नावावर घातला, पोलंडने जर्मनांच्या, तुर्कांनी ख्रिस्ती लोकांच्या. ज्याने त्याने शेजाऱ्याच्या नावाची पाटी लावून टाकली. 'सिफिलिस' हे आज वापरतो ते नाव त्यातल्या त्यात निरुपद्रवी. व्हेरोनाच्या फ्राकास्टोरो नावाच्या डॉक्टरने १५३० मध्ये या रोगावर एक दीर्घ लॅटिन कविता छापली, त्यात सिफिलस नावाचा एक मेंढपाळ आहे. त्याच्यावरून हे नाव आलं. पण त्या कवितेच्या शीर्षकातही 'फ्रेंच रोग' आहेच!

आणि आपण? १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतजवळ उतरला. पोर्तुगीज आले, मिरी-लवंगा घेऊन गेले आणि जे ठेवून गेले त्यात हा रोगही होता. सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्याने 'भावप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांमध्ये नसलेला एक रोग त्यात येतो. त्याचं नाव 'फिरंग'. फिरंग्यांच्या देशात तो फार, म्हणून हे नाव, असं भावमिश्र सांगतो. म्हणजे आपणही तेच केलं. फक्त भावमिश्राच्या बाजूने एवढं म्हणावं लागेल की त्याचा पत्ता बरोबर होता. आणि नुसतं नाव ठेवून तो थांबला नाही. हा रोग शरीराच्या संगाने जडतो हे त्याने स्पष्ट लिहिलं, बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा असे त्याचे प्रकार केले आणि उपचारही दिले.

उपचार म्हणजे पारा. रसकर्पूर हे पाऱ्याचं विषारी संयुग. ते गव्हाच्या पिठाच्या गोळीत बंद करून, दातांना लागणार नाही अशा बेताने गिळायचं, असं भावमिश्र बजावतो. कारण पाऱ्याने तोंड येतं आणि दात हलायला लागतात. युरोपातही पाराच चालत होता. रोगापेक्षा औषधाने मेलेली माणसं किती असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. दुसरं औषध होतं चोपचिनी, चीनकडून येणारी एक मुळी. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या वनौषधींच्या पुस्तकात या मुळीवर एक आख्खं प्रकरण आहे. (जाता जाता : मुंबई बेट काही काळ या गृहस्थाकडे भाडेपट्ट्याने होतं. आज तिथे वन रूम किचनचं भाडं भरणाऱ्यांनी हे ऐकून रडू नये.) चोपचिनीने सिफिलिस बरा होत नाही. पण फोड आपोआप जायचे आणि मुळीचा भाव वाढायचा.

इथपर्यंत निदान एक बरं होतं. नावं ठेवली गेली ती देशांना. एकोणिसाव्या शतकात बोट एका ठरावीक माणसाकडे वळलं, आणि रजिस्टर उघडलं गेलं.

१८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या खूप वाढली. तरुण, अविवाहित, घरापासून हजारो मैल लांब. इस्पितळात दाखल होणाऱ्या सैनिकांमध्ये सिफिलिस आणि परमा यांचा वाटा इतका मोठा होता की सरकारला घाम फुटला. परमा म्हणजे गनोरिया. लघवीला जळजळ, पू येणं ही त्याची पुरुषांमधली लक्षणं. बायकांमध्ये मात्र अनेकदा काहीच लक्षण दिसत नाही. मग सरकारने केलं काय? १८६४ मध्ये छावण्यांसाठी कायदा आला आणि १८६८ मध्ये शहरांसाठी 'इंडियन कंटेजस डिसीझेस ॲक्ट'. दोन्हींचा गाभा एकच. सैनिकांना रोग बाजारातल्या बायकांमुळे होतो, तेव्हा बायकांवर नजर ठेवा. वेश्याव्यवसाय करणाऱ्या बाईने पोलिसांकडे नाव नोंदवायचं. ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर राहायचं. नोंदणी नाही केली तर शिक्षा, हजर नाही राहिली तर शिक्षा. रोग आढळला तर बरी होईपर्यंत 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवायचं. यातलं 'लॉक' म्हणजे कुलूप नव्हे, लंडनच्या एका जुन्या इस्पितळाचं ते नाव. पण पोलिसाने आणून आत टाकलेल्या बाईला हा फरक कुणी समजावला असेल आणि तिला त्याने काय फरक पडला असेल?

आता 'बरी होईपर्यंत' हे शब्द पुन्हा वाचा. १८६८ मध्ये सिफिलिस बरा करणारं औषध जगात कुठेही नव्हतं. रोग ओळखणारी रक्ताची चाचणी नव्हती. तपासणी म्हणजे नुसती डोळ्यांनी पाहणी. जो रोग वर्षानुवर्षं अदृश्य राहतो आणि दुसरा असा की बायकांमध्ये अनेकदा दिसतच नाही, तो डोळ्यांनी पाहून बाई 'स्वच्छ' असल्याचं ठरवलं जायचं! आणि जो सैनिक तिच्याकडे येणार होता त्याचं नाव कुठल्याही पोलीस ठाण्यात लिहिलं जात नव्हतं. खरं सांगायचं तर या कायद्याला आरोग्याचा कायदा म्हणावंसं मला वाटत नाही. तो फौजेच्या हजेरीपटाचा कायदा होता.

मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. खर्च कोणी करायचा यावरून सरकार आणि नगरपालिका यांच्यात जुंपली आणि दोनेक वर्षांत तो गुंडाळला गेला. १८८० मध्ये पुन्हा आणला. जिथे जिथे तो आला तिथे बायकांनी सरळ उपाय केला, त्या पळाल्या. शहर सोडलं, वस्ती बदलली, लपल्या. ज्यांना खरोखर त्रास होत होता त्याही डॉक्टरच्या वाटेला जाईनाशा झाल्या, कारण डॉक्टरच्या दाराशी पोलीस उभा होता.

इंग्लंडमध्येही असेच कायदे होते. त्यांच्याविरुद्ध जोसेफिन बटलर या बाईने वर्षानुवर्षं झुंज दिली आणि १८८६ मध्ये तिथले कायदे रद्द झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या लष्कराचं एक परिपत्रक निघालं. पलटणीच्या बाजारात पुरेशा आणि दिसायला बऱ्या बायका असाव्यात याची काळजी घ्या, असा त्याचा आशय. ते इंग्लंडमध्ये फुटलं, गदारोळ झाला आणि १८८८ मध्ये इथलाही कायदा गेला. पण गोष्ट इतकी सरळ नाही. पुढच्या काही वर्षांत फौजेतला आजार वाढतच गेला, लष्करी डॉक्टरांनी 'बघा, आम्ही सांगत होतो' असं म्हटलं आणि १८९७ मध्ये छावण्यांत तेच नियम मागच्या दाराने परत आले. बाईला पकडणं सोपं असतं. फौजेला शहाणं करणं अवघड.

हे सगळं चालू असताना आपल्या घरांमध्ये काय चाललं होतं? त्याचं रजिस्टर नाही. पण सिफिलिस गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाला होतो, गर्भ पडतो, मूल मेलेलं जन्मतं, हे आज आपल्याला माहीत आहे. नवरा कुठून तरी रोग घेऊन आलाय आणि घरात मात्र सुनेची कूस वाईट ठरतेय, असं किती वाड्यांमध्ये झालं असेल याचा विचार करा.

त्या घरांशी मराठीत, स्पष्ट शब्दांत बोलणारा माणूस आला तो १९२०च्या दशकात. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. या विषयांवर उघड काम करायचं ठरवलं आणि प्राध्यापकी सोडावी लागली. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, पत्नी मालतीबाई बरोबरीने सोबत. सगळे कर्व्यांना संततिनियमनासाठी ओळखतात, पण त्यांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तकही लिहिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. शीर्षकातला 'बचाव' हा शब्द मला फार आवडतो. पाप नाही, प्रायश्चित्त नाही, सरळ बचाव. पावसाळ्यात छत्री घ्या, इतक्या साध्या सुरात.

१९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न यायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. आजच्या भाषेत तो त्यांचा इनबॉक्स होता. माझ्याकडे आलेला मेसेज तेव्हा पोस्टकार्डावर आला असता, एवढाच फरक. पण अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू लढवायला कोण उभं राहिलं माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकाला वाचक लैंगिक प्रश्न विचारणार आणि मासिकाने उत्तर द्यायचं नाही, हे कसं, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक काही बंद झालं नाही.

कर्वे बचावासाठी जे सांगत होते ते रबरी साधन सरकारने पुढे १९६८ मध्ये 'निरोध' म्हणून गावोगाव पोहोचवलं, पंधरा पैशांना तीन. पण जाहिरात केली ती कुटुंबनियोजनाची. तेच साधन रोगापासूनही वाचवतं, हे मोठ्या आवाजात सांगायला आणखी वीसेक वर्षं आणि एक नवा, जीवघेणा रोग लागला. त्याकडे येतोच.

मधल्या काळात प्रयोगशाळांनी या नाटकाचा पडदा फाडला होता. परम्याचा जंतू १८७९ मध्ये सापडला, सिफिलिसचा १९०५ मध्ये. १९०६ मध्ये वासरमानने रक्ताची चाचणी शोधली. म्हणजे आता मध्यंतरातही रोग पकडता येऊ लागला. जर्मनीत पॉल एर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी हाता यांनी एकामागून एक संयुगं तपासली आणि ६०६ क्रमांकाचं लागू पडलं. १९१० मध्ये ते बाजारात आलं. पण ते आर्सेनिकचं, म्हणजे सोमलाचं संयुग होतं, जपूनच द्यावं लागे. खरा निकाल लागला १९४३ मध्ये. जॉन महोनी या अमेरिकन डॉक्टरने सिफिलिसच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि चारही सुधारले. त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली, अनेक जंतू अँटिबायोटिक्सना पुरून उरले, पण पेनिसिलिनपुढे सिफिलिसच्या जंतूची आजही डाळ शिजलेली नाही. परम्याचं तसं नाही हां. त्याचा जंतू एकेक औषध निकामी करत आलाय, म्हणून मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणून खाणं हा वेडेपणा आहे.

आणि हे पेनिसिलिन भारतात बनायला लागलं कुठे? आपल्या पिंपरीला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, स्थापना १९५४, पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू. भावमिश्राच्या पिठाच्या गोळीपासून पिंपरीच्या बाटलीपर्यंत यायला चारशे वर्षं लागली.

आता माझ्या घरातली एक गोष्ट. या भागाची तयारी करताना आईची जुनी फाइल चाळत होतो, मी पोटात असतानाची. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, आणि मग एक ओळ : 'व्हीडीआरएल : नॉन-रिॲक्टिव्ह.' ही सिफिलिसची चाचणी. गरोदर बायकांची ती सर्रास करतात, आणि वर सांगितलं त्या पोटातल्या बाळासाठीच करतात. तुमच्याही आईच्या फाइलमध्ये ही ओळ असण्याची दाट शक्यता आहे. मी आईला विचारलं, 'ही कसली टेस्ट होती माहीत होतं? लाज नाही वाटली?' ती म्हणाली, 'कसली लाज? सगळ्यांचंच रक्त घेत होते, माझंही घेतलं.'

रोग तोच, आणि जंतूही तोच ज्याच्यासाठी कामाठीपुऱ्यातल्या बायकांच्या मागे पोलीस लागले होते. पण तिथे फक्त संशयितांना तपासत होते, इथे सगळ्यांनाच. मला वाटतं, सगळा फरक इथेच आहे.

हे आपण एकदा शिकलो असं समजून पुढे गेलो आणि १९८६ उजाडलं. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातल्या पहिल्या एचआयव्ही संसर्गाचा पुरावा शोधला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी रुग्णांसाठी 'वायआरजी केअर' ही संस्था काढली. त्यातलं वायआरजी म्हणजे त्यांच्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरं.

आणि मग गोवा. डॉमिनिक डिसोझा हा पर्रा गावचा तरुण, निसर्ग संवर्धनाच्या संस्थेत नोकरीला, नेमाने रक्तदान करणारा. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशाला, जिथे एकेकाळी क्षयरोगी ठेवत त्या इमारतीत डांबलं. गुन्हा काय? काहीच नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्याला वेगळं ठेवण्याची तरतूद घातली होती. तो चौसष्ट दिवस आत होता. त्याची आई, ल्युसी, कोर्टात गेली. गावातले लोक रस्त्यावर आले. डॉमिनिक सुटला. न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण सक्तीची धार सरकारला बोथट करावी लागली. त्याची नोकरी गेली ती गेलीच. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो वारला. 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

लॉक हॉस्पिटलचा कायदा गेला १८८८ मध्ये. डॉमिनिकला डांबलं १९८९ मध्ये. मध्ये एकशे एक वर्षं गेली होती, रेडिओ, पेनिसिलिन, स्वातंत्र्य, राज्यघटना येऊन गेली होती. आणि याचा परिणामही तोच झाला असणार, नाही का? ज्या गोव्यात रक्त दिलं म्हणून पोलीस येतो, तिथे तपासायला स्वतःहून कोण जाईल?

याच्या बरोबर उलट वाट कुणी दाखवली ते सांगलीने. १९९२ मध्ये तिथे 'संग्राम' या संस्थेचं काम सुरू झालं. बाहेरून कुणी साहेब येऊन वस्तीतल्या बायकांना उपदेश करण्याऐवजी त्या बायकांनीच आपल्या मैत्रिणींना कंडोम वाटायचे, आजारांची माहिती द्यायची, दवाखान्यात सोबत जायचं. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटनाही काढली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. एकोणिसाव्या शतकात ज्यांची नावं पोलिसांच्या वहीत होती, त्यांच्या वारसदार आता स्वतःच वही घेऊन बसल्या होत्या. कोणाला किती कंडोम हवेत, याची.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. नाव लिहून घेतात का? हो, घेतात. सरकारी दवाखान्यात केसपेपर निघतो तसा निघतो. पण त्या केसपेपरमागे आज पोलीस नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदा आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही, निकाल गुप्त ठेवायचा, निकालावरून नोकरीवरून काढायचं नाही. बाकी आजारांतही रुग्णाची माहिती बाहेर न सांगणं हे डॉक्टरचं कर्तव्यच आहे. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन फुकट मिळतं. सिफिलिस वगैरेंसाठी त्वचा व गुप्तरोग विभागात जायचं. पाटीवर अजून 'गुप्तरोग' लिहिलेलं असतं, त्या पाटीला घाबरू नका. काहीच सुचत नसेल तर १०९७ हा एचआयव्हीबद्दलचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट लागतो.

आणखी दोन-तीन गोष्टी मी त्याला सांगितल्या, त्या तुम्हालाही. संसर्ग होऊन लगेच तपासलं तर चाचणी कोरी येऊ शकते, म्हणून पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारा. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर बहात्तर तासांच्या आत सुरू करायची औषधं असतात, त्यामुळे 'सोमवारी बघू' म्हणायचं नाही. कंडोमने धोका खूप कमी होतो, पण व्रण झाकलेल्या भागाबाहेर असेल तर सिफिलिस तरीही होऊ शकतो. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही यांच्यावर तर लसच आहे. आणि उपचार एकट्याचा करून भागत नाही. जोडीदारालाही तपासावं लागतं, नाहीतर आज बरे झालात तरी उद्या तोच रोग परत घरी.

हे शेवटचं वाचून तो दोन दिवस गप्प होता. मलाही जरा टोचलं, जास्तच बोललो का म्हणून.

परवा त्याचा मेसेज आला. गेला होता. नाव लिहून घेतलं. पुढचा माणूस खाजेची तक्रार घेऊन आलेला, मागच्या काकूंचे केस गळत होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला, एचआयव्ही निगेटिव्ह. पेनिसिलिन दिलं, कमरेखाली, आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तिला सांगितलं का, असं मी विचारायच्या आतच पुढचं आलं : 'तिलाही सांगितलं. खूप चिडली. पण शुक्रवारी जातेय, मी सोबत जाणारे.'

आणि खाली अजून एक ओळ : 'दादा, ते इंजेक्शन जाम दुखतं, हे नव्हतं सांगितलंत!'